हातोडा आढळून आल्याबाबत

प्रशिक्षणाच्या पहिल्याच सकाळी शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांचे हुद्दे दारातच काढून घेतले. प्रत्येकाच्या हातात एक कोरं कार्ड दिलं आणि सांगितलं, लोक तुम्हाला पाठीमागे काय म्हणतात ते लिहा आणि छातीवर लावा. पाटबंधाऱ्याच्या इंजिनिअरने ‘कालवा’ लिहिलं. भूजल खात्यातल्या गृहस्थांनी ‘बोअर’ लिहिलं आणि याचे दोन अर्थ होतात असं स्वतःच हसून सांगितलं. दुपारपर्यंत दुसरा अर्थ सगळ्यांना पटला. मत्स्य खात्यातल्या खणखणीत आवाजाच्या बाई ‘मासळीबाई’ झाल्या. जंगल खात्याच्या माणसाने मात्र पाच मिनिटं पेन चावलं आणि शेवटी ‘रेंजर’ लिहिलं.

बाईंनी कार्ड वाचलं. “हा हुद्दाच झाला की,” त्या म्हणाल्या. “खिशातून आत आणलात वाटतं.”

वर्ग हसला. रेंजरही हसले. बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाच्या विनोदावर किती वेळ आणि किती दात दाखवून हसायचं, याचं माप त्यांच्या अंगात मुरलं होतं.

भिंतीवर लांबलचक फलक होता: नैसर्गिक संसाधन अधिकाऱ्यांसाठी नेतृत्व प्रशिक्षण. म्हणजे ज्यांच्या ताब्यात झाडं, मासे, माती आणि पाणी आहे, त्यांना हाताखालची माणसं कशी सांभाळावीत हे पाच दिवसांत शिकवायचं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून आपल्या नेतृत्वाची एक खरी गोष्ट दहा मिनिटांत सांगायची, आणि ती ऐकायला संस्थेचे संचालक येऊन बसणार. संचालक बढतीच्या समितीवर होते. रेंजरांची विभागप्रमुखपदाची फाईल याच महिन्यात त्या समितीपुढे जायची होती. त्यामुळे बाकीचे शिकायला आले होते, रेंजर दाखवायला आले होते.

घरून निघताना बायकोने बॅग भरता भरता विचारलंच होतं, की चार जिन्नस आणायला सांगितले तर दोन विसरून येणाऱ्या माणसाला पाच दिवसांत कसलं नेतृत्व येणार. पण तिलाही ठाऊक होतं, गोष्ट तयार आहे. गेल्या बारा वर्षांत रेंजरांनी ती इतक्या ठिकाणी सांगितली होती, की तिच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. एका ओढ्याकाठची त्रेसष्ट जुनी झाडं चुकून तोडली गेली. पुढच्या पुरात काठ ढासळला. मग रेंजरांनी गावकऱ्यांना गोळा केलं, चार हजार रोपं लावली, स्वतः पाणी घातलं, आणि आज तो काठ पुन्हा हिरवा आहे. खात्याने मानपत्र दिलं, ते बैठकीच्या खोलीत टांगलेलं आहे, किंचित तिरकं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांकडून गोष्ट एका पानावर लिहून घेतली. या बाई तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि मोठ्या माणसांना नेतृत्व शिकवायचं म्हणजे व्याकरणच शिकवायचं असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. चहाच्या सुट्टीत त्यांनी पानं तपासली, लाल पेनाने. प्रत्येक क्रियापदाला गोल, आणि समासात एकच प्रश्न: कर्ता कुठे आहे?

रेंजरांचं पान परत आलं तेव्हा त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला गोवर निघाल्यासारखं झालं होतं. ‘झाडांवर शिक्के मारले गेले.’ कर्ता? ‘झाडे तोडली गेली.’ कर्ता? ‘चूक लक्षात आली.’ कुणाच्या? खालच्या अर्ध्या भागात लाल शाईचा ठिपका नव्हता. तिथे ‘मी’ अकरा वेळा आला होता. बाईंनी मोजून आकडा लिहिला होता.

“हे फक्त यांचंच नाही,” बाई वर्गाला म्हणाल्या. “तुम्हा सगळ्यांच्या खात्यांत झाडं आपोआप तोडली जातात, पाणी आपोआप आटतं, मासे आपोआप मरतात. रोपं तेवढी साहेब लावतात.”

शेजारच्या बाकावरून मासळीबाईंनी मान वाकवून रेंजरांचं पान वाचलं आणि हळूच विचारलं, पहिला भाग भुताने लिहून दिला का. रेंजर हसले. पण या वेळी माप चुकलं. हसू जरा लवकर संपलं.

कारण कर्ता त्यांना माहीत होता. बारा वर्षं माहीत होता.

जंगलात झाड तोडायला द्यायचं, तर त्याच्या बुंध्याची साल थोडी तासून तिथे शिक्क्याचा हातोडा ठोकतात. हातोड्याच्या तोंडावर खात्याची अक्षरं उलटी कोरलेली असतात, ती लाकडात सुलटी उमटतात. ज्या झाडावर अक्षरं, ते ठेकेदाराचं. ज्यावर नाहीत, ते जंगलाचं. म्हणून हातोडा कुलपाच्या पेटीत राहतो, किल्ली रेंजरांकडे, आणि ठोकताना रेंजर जातीने हजर. सही आणि हातोडा उसना देऊ नये, असं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना एका माणसाने शिकवलं होतं. तो माणूस साहेब नव्हता. वनरक्षक होता. वयाने दहा वर्षांनी मोठा, म्हणून रेंजर त्याला दादा म्हणायचे. पाऊलखूण कशी वाचायची, वणव्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, गावच्या सभेत कोणाला आधी बोलू द्यायचं, सगळं दादांनी शिकवलं. पुस्तकातलं जंगल कॉलेजने दिलं होतं, पायाखालचं दादांनी.

त्या दिवशी रेंजरांच्या पायात नवे बूट होते. अकरा वाजेपर्यंत दोन्ही टाचा सोलून निघाल्या. ते ओढ्याकाठच्या एका खडकावर बसले, बूट काढले, पाय पाण्यात सोडले, पेटी उघडली आणि हातोडा दादांच्या हातात दिला. म्हणाले, “दादा, तेवढं पलीकडचं उरकून घ्या.”

आता, पलीकडचं म्हणजे काय हे माणूस कुठे बसलाय त्यावर ठरतं. खडकाच्या एका अंगाला ओढा होता आणि दुसऱ्या अंगाला कोरडी घळ. रेंजरांच्या मनात घळीपलीकडची झाडं होती, तोडायला मंजूर झालेली. दादा ओढ्यापलीकडे गेले. ओढ्याकाठच्या झाडांना हात लावायचा नाही असा नियम, त्यांच्या मुळांवरच काठ उभा असतो. दादांनी त्रेसष्ट झाडांवर व्यवस्थित शिक्के मारले, हातोडा पुसून परत आणून दिला, आणि ठेकेदाराने आठ दिवसांत काठ मोकळा केला.

चौकशी आली तेव्हा पहिला अहवाल रेंजरांनीच लिहायचा होता. त्यांनी तो एका बैठकीत लिहिला. पेटीचे कुलूप उघडे आढळून आले. शिक्के मारतेवेळी हातोडा सदर वनरक्षकाच्या ताब्यात असल्याचे आढळून आले. सदर क्षेत्रात शिक्के मारण्यास मंजुरी नसल्याचे आढळून आले. वाक्यं सगळी खरी होती, गोष्ट सगळी खोटी. कुलूप कुणी उघडलं, हातोडा कुणी दिला, हे कुणी विचारलं नाही आणि अहवालाने सांगितलं नाही. विषयाच्या ओळीत होतं: हातोडा आढळून आल्याबाबत. जणू रस्त्यात सापडला.

दादांनी खाली सही केली. त्यांची वनपालपदाची बढती रद्द झाली, आणि महिन्याभरात जंगलातूनच बदली झाली. कुठे, ते रेंजरांनी विचारलं नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं ओझं होत नाही, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

दादा कुठे गेले, ते तिसऱ्या दिवशी कळलं.

संस्थेच्या मागे प्रात्यक्षिकासाठी छोटं रान राखलं होतं. खात्याला जो माणूस काढताही येत नाही आणि ठेवताही येत नाही, त्याला अशा संस्थांमध्ये पाठवतात. तिथे तो रोपांना पाणी घालतो आणि पाहुण्यांना झाडांची नावं सांगतो. बाईंनी वर्गाला तिथे नेलं. जबाबदारी हातात आली की कशी लागते, हे मासेवाल्यांना आणि कालवेवाल्यांनाही कळावं, म्हणून आज सगळे एकेक शिक्का मारणार होते. “आमचे हातोडाबाबा दाखवतील,” बाई म्हणाल्या, आणि शेडमधून पेटी घेऊन एक उंच, पाठीत किंचित वाकलेला माणूस बाहेर आला.

रेंजर कालव्याच्या मागे सरकले. कालवा अंगाने बारीक होता, त्याचा आडोसा पुरला नाही.

“साहेब,” दादा म्हणाले. “तब्येत बरी?”

बरी आहे, असं रेंजरांनी सांगितलं. ओळख आहे का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा दादाच म्हणाले की साहेबांच्या हाताखाली काम केलंय, आणि पेटी उघडली.

त्यांनी साल तासून दाखवली, पाय किती अंतरावर ठेवायचे ते दाखवलं, आणि एकच घाव घातला. अक्षरं स्वच्छ उमटली. मग हातोडा छातीशी धरून ते नियम सांगायला लागले. “पहिला, हातोडा हातचा सोडायचा नाही. दुसरा, कुणी मागितला तरी द्यायचा नाही. तिसरा, कुणी दिला तरी घ्यायचा नाही.” जरा थांबून म्हणाले, “तिसरा पुस्तकात नाही. तो माझा आहे.”

बोअर ते वहीत लिहून घेत होते. त्यांनी विचारलं, तिसऱ्याचं कारण काय. दादा म्हणाले, कारण मोठं आहे, तास पुरायचा नाही.

मग एकेकाला हातोडा द्यायला त्यांनी खिशातून एक लांबट वही काढली. कुणाला दिला, किती वाजता, परत किती वाजता. आधी सही, मग हातोडा. मासळीबाई म्हणाल्या, अहो बाबा, दोन मिनिटांसाठी कसली सही. दादा म्हणाले, बाई, दोन मिनिटांतच होतं जे व्हायचं ते. रेंजरांची पाळी आली. त्यांनी सही केली. बोटं घामाने ओली होती, शाई फिसकटली. त्यांनी घाव घातला तो तिरका बसला, अर्धी अक्षरं उमटली, अर्धी नाही. वर्गात जंगलवाला तेवढा एकच, आणि त्याचाच शिक्का सगळ्यांत वाईट. कालव्याने तेवढ्यात ‘च्च’ केलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत रेंजर शेडकडे गेले. का गेले, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. खाज सुटते तिथे हात आपोआप जातो. दादा उपडी बादली घालून बसले होते, रोपांच्या पिशव्यांत माती भरत. दुसरी बादली त्यांनी पायाने पुढे सरकवली.

थोडा वेळ मातीबद्दल बोलणं झालं. मग दादांनी स्वतःच सांगितलं की आणखी तीन महिन्यांनी निवृत्ती. मुलगी गेल्या वर्षी वनरक्षक म्हणून लागली, परीक्षेत वरच्या क्रमांकाने. रेंजर म्हणाले, वा. दादा म्हणाले, हो, वा. पहिल्याच दिवशी तिच्या साहेबांनी तिला विचारलं, हातोडावाल्याची का तुम्ही. खात्यात सगळ्यांना माहीत आहे. कुणी म्हणतं ठेकेदाराला फितूर होता, कुणी म्हणतं ऐकायला कमी येत होतं. पोरीच्या हातात अजून कुणी हातोड्याची पेटी देत नाहीत, उचलून ठेवायलासुद्धा.

“ती मला विचारते,” दादा म्हणाले. “बाबा, तुम्ही साहेबांना खरंच विचारलं होतं का? मी म्हणतो, विचारलं होतं. पलीकडे म्हणजे ओढ्याच्या का, असं विचारलं. साहेब हो म्हणाले. ती म्हणते, मग कागदात का नाही?”

मातीची पिशवी त्यांनी खाली ठेवली, दाबली. “विचारलं होतं ना साहेब मी?”

अशा वेळी माणसाकडे एक क्षण असतो, आणि तो क्षण माणसाला पुरेपूर ओळखून असतो.

“आठवत नाही, दादा,” रेंजर म्हणाले. “बारा वर्षं झाली.”

दादांनी मान हलवली, जणू पिशवीत माती कमी पडली एवढंच झालं. “असेल,” म्हणाले. “तुमच्या टाचा फार दुखत होत्या.”

रेंजर परत आले आणि उरलेली दुपार वर्गात बसले, पण फळ्यावर काय चाललंय ते त्यांना दिसलं नाही. त्यांना दिसत होतं पाण्यातलं स्वतःचं पाऊल. मग त्यांनी डोळे मिटले होते. पाणी गार होतं. मागून दादांचा आवाज आला होता: साहेब, पलीकडे म्हणजे ओढ्याच्या का? तिकडे तर मनाई आहे ना? आणि आपण डोळे न उघडता म्हणालो होतो, हो हो, तेच, जा तुम्ही. प्रश्न ऐकला नव्हता, नुसता आवाज झटकला होता, माशी हाकलावी तसा. बारा वर्षं रेंजरांनी हातोडा दिल्याची टोचणी पाळली होती, अधूनमधून तिला गोंजारलंही होतं. हा ‘हो’ मात्र त्यांनी स्वतःलाही सांगितला नव्हता. चूक ऐकणाऱ्याची झाली असा जो थोडाफार आधार होता, तो त्या ‘हो’मुळे गेला असता.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. तिने विचारलं, नेतृत्व कुठवर आलं. त्यांनी दादा भेटल्याचं सांगितलं. मग म्हणाली, त्या दिवशी तुमच्या टाचांना मलम मीच लावलं होतं, आणि तुम्ही मला सांगितलं होतं की दादांनी घोळ घातला. मी ते चार घरी सांगितलं, अहो. खरंच दादांनीच घातला होता ना? इथे आवाज नीट येत नाहीये, असं सांगून रेंजरांनी फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

पाचव्या दिवशी संचालक आले, पहिल्या रांगेत बसले. संस्थेची सगळी माणसं समारोपाला मागे येऊन उभी राहायची प्रथा होती. माळी, टंकलेखक, आणि भिंतीला टेकून दादा. कालव्याने फुटलेल्या बांधाची गोष्ट सांगितली, बोअरांनी दहाऐवजी सतरा मिनिटं घेतली. मासळीबाईंनी तलावात चुकीच्या जातीचं बीज सोडल्याची गोष्ट सांगितली आणि वाक्यावाक्याला ‘मी सोडलं’ म्हणाल्या. बाईंचा चेहरा खुलला.

मग रेंजर उठले. गुळगुळीत गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली. नवे बूट सांगितले, सोललेल्या टाचा सांगितल्या, खडक सांगितला. “कुलूप मी उघडलं,” ते म्हणाले. “हातोडा मी दिला. अहवाल मी लिहिला. आणि त्यात मी कुठेच नव्हतो.”

मग टाळ्या पडल्या, आणि पडतच राहिल्या. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. संचालक उभे राहून म्हणाले की या पाच दिवसांत ज्याला नेतृत्व म्हणतात ते आज इथे पाहायला मिळालं. पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र रेंजरांना मिळालं.

त्यांना हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग लक्षात आलं, की मागे याच चुकीवर मानपत्र मिळालं होतं आणि आज कबुलीवर प्रमाणपत्र. झाडं गेली ती गेली, दादा गेले ते गेले, आणि आपली भिंत भरत चालली आहे. आणि ‘हो’ अजून पोटातच होता. टाळ्यांना तेवढंही पुरलं होतं.

मागे पाहिलं तर भिंतीपाशी दादा नव्हते.

चहाच्या वेळी संचालकांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना खिडकीशी नेलं. गोष्ट उत्तम झाली म्हणाले. फक्त ती या खोलीतच राहू द्या. कागदावर काही आणू नका. जुनी चौकशी उघडली तर तुमची फाईल त्याखाली दबेल, निदान दोन वर्षं. आणि दबलेली फाईल वर येतेच असं नाही. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं आवक नोंदवहीत जातं. समजलं ना? रेंजर म्हणाले, समजलं. संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच रेंजरांचं भलं हवं होतं. हीच तर अडचण होती. आयुष्यभर रेंजरांना आपलं भलं चिंतणारीच माणसं भेटत आली होती, आणि दरवेळी ते भलं दुसऱ्या कुणाच्या पाठीवरून चालत आलं होतं.

ते शेडकडे गेले. दादा हातोडा तेलाच्या फडक्याने पुसत होते.

“गोष्ट चांगली सांगितलीत,” दादा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. “बाई रडल्या.”

“दादा, अर्धीच सांगितली.”

“ते मलाही दिसलं. म्हणून निघून आलो.” त्यांनी हातोडा पेटीत ठेवला. “माझं काय साहेब, तीन महिने राहिलेत. मला बढती नको, माफी नको. तुम्ही कोणापुढे काय बोललात ते पोरीला घेऊन जाता येत नाही. कागद नेता येतो.”

रेंजर बादलीवर बसले. मग म्हणाले, “तुम्ही विचारलं होतं. ओढ्याच्या का, मनाई आहे ना, असं विचारलं होतं. मी हो म्हणालो. डोळेसुद्धा उघडले नाहीत.”

दादा बराच वेळ पेटीच्या कुलपाशी खटपट करत राहिले. कुलूप कधीच लागलं होतं.

“आठवलं का, मग,” शेवटी म्हणाले.

“विसरलोच नव्हतो.”

दादांनी काही बोलून त्यांना मोकळं केलं नाही. “मीही जायला नको होतं,” एवढंच म्हणाले. “मनाई मला तुमच्याआधीपासून पाठ होती. वाटलं, साहेबांकडे परवानगी आली असेल. तेवढं माझं माझ्याकडे.” आणि मग खिशातली लांबट वही काढून तिच्या मागच्या बाजूचे दोन कोरे कागद फाडले आणि पेनासकट पुढे केले.

रेंजरांनी गुडघ्यावर पेटी घेतली, पेटीवर कागद. पहिलं वाक्य हाताने सवयीने लिहायला घेतलं: ‘प्रकरणाची पुन्हा तपासणी केली असता असे आढळून आ–’ तिथे पेन थांबलं. त्यांनी ते खोडलं. खाली लिहिलं: ‘हातोडा मी दिला.’ मग: ‘त्यांनी मला विचारले की पलीकडे म्हणजे ओढ्याच्या का, तिथे मनाई आहे. मी न ऐकता हो म्हणालो.’ मग: ‘हे मी तेव्हा अहवालात लिहिले नाही. मी ते लपवले.’ छोटी छोटी वाक्यं, शाळेतल्या मुलासारखी. बावीस वर्षांत एवढा छोटा कागद त्यांनी खात्याला लिहिला नव्हता. एका पानात संपला. दुसरा कोरा कागद त्यांनी दादांना परत दिला.

दादांनी वाचला. ‘वनरक्षक’ शब्दावर बोट ठेवून म्हणाले, इथे ‘सदर’ राहिलं. रेंजरांनी वर पाहिलं. दादा थट्टा करत होते की नाही, ते कळेना. बारा वर्षांपूर्वी त्यांना ते लगेच कळलं असतं.

संस्थेचं कार्यालय खात्याचंच असल्याने इथूनही कागद मुख्यालयाला जात असत. जावक टेबलावरचे कारकून डबा आवरून निघायच्या बेतात होते. बाहेर मासळीबाई बॅगा घेऊन गाडीची वाट पाहत होत्या. काचेतून त्यांनी प्रमाणपत्र कुठंय असं खुणेने विचारलं. रेंजरांनी आजूबाजूला पाहिलं. ते शेडमध्ये, बादलीवर राहिलं होतं.

कारकुनांनी नोंदवही उघडली, कागदावरून नजर फिरवली, आणि भुवया थोड्या वर गेल्या. यात जुन्या प्रकरणाचा क्रमांक आहे, म्हणाले. एकदा क्रमांक पडला की कागद परत मागता येणार नाही साहेब, उद्याच्या टपालाने तो मुख्यालयात. संचालकांना दाखवलाय का?

“नाही,” रेंजर म्हणाले. “क्रमांक टाका.”

क्रमांक पडला. मग कारकून विषयाच्या रकान्यावर आले, जुन्या प्रकरणाचा विषय बघून पुटपुटत तोच उतरवायला लागले: “हातोडा आढळून...”

“तसं नको,” रेंजर म्हणाले. पायांत आज जुनेच बूट होते, तरी टाचांत काहीतरी हुळहुळलं. “हातोडा दिल्याबाबत, असं लिहा.”

“दिल्याबाबत.” कारकुनांनी लिहिलं, आणि पेन तसंच धरून वर पाहिलं. “कुणी दिल्याबाबत? पुढे तेही लागतं.”